डावा पीळ

तपासणीच्या कागदावर मेहुण्याची सही होती. ऑफिसच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये सकाळी पंखा सोडला की टेबलावरचे सगळे कागद एकदम फडफडतात, म्हणून मी वरच्या कागदावर हेल्मेट ठेवत होतो, आणि हेल्मेटच्या कडेखालून ती सही डोकावली. पहिलं अक्षर पोट फुगवून बसलेलं, शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर पळायला निघालेली आणि खाली विनाकारण दोन टिंबं. त्या टिंबांवरून मी ही सही कुठंही ओळखली असती. माझ्या लग्नाच्या रजिस्टरमध्ये साक्षीदाराच्या रकान्यात तीच आहे. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि सही करताना त्याची जीभ बाहेर आली होती, त्यावरून आम्ही सगळे हसलो होतो. आता ती सही 'फोरमन' असं छापलेल्या ओळीवर होती. वर लिहिलं होतं: चौथ्या मजल्याची स्लॅब आणि रस्त्याच्या बाजूच्या तीन बाल्कन्या, लोखंड बांधून तयार, तपासून मिळावं, काँक्रीट अकरा वाजता. तपासनिसाच्या ओळीवर जागा कोरी होती. ती जागा माझी. मी हेल्मेट डोक्यावर घातलं, परत काढलं, परत घातलं. सोळा वर्षं ज्या माणसाला मी मनातल्या मनात रोज एकदा तरी खाली पाडत होतो, तो आज आपल्या पायांनी चालत माझ्या पेनाखाली आला होता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तोंडाला पाणी सुटावं तसा झाला.

तपासनीस होऊन मला चारच महिने झाले होते. त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी लोखंड बांधलं. आमच्या धंद्यात बढती कशाला म्हणतात ते बाहेरच्या माणसाला सांगूनही कळत नाही. पगारापेक्षा ती कमरेला आधी कळते. सळई बांधणारा दिवसभर कमरेत दुमडलेला असतो, पाय फाकवून, डोकं गुडघ्यांच्या मध्ये, आणि समोर चौकटीच चौकटी. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर तार टाकायची, हूक अडकवायचा, पिळायचं, पुढं सरकायचं. टोळीचा मुकादम झाला की तो अर्धा वेळ उभा राहतो. फोरमन दिवसभर उभा राहतो आणि खिशात हात घालतो. तपासनीस चालतो, आणि त्याला लोक 'सर' म्हणतात. इतकंच. वाकण्यातून उभं राहायला कुणाला आठ वर्षं लागतात, कुणाला वीस, आणि बहुतेकांचे गुडघे त्याच्या आधीच राजीनामा देतात. मी फोरमन व्हायला निघालो होतो तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. त्यानंतर मधली पायरी गाळून, सुट्टीच्या दिवशी क्लासला बसून, पोरांच्या बाकावर पोट दाबून धरून, तीनदा परीक्षा देऊन, दोनदा नापास होऊन मी इथवर आलो. क्लासमधला मास्तर पहिल्या दिवशी म्हणाला होता, "काका, पालकांनी बाहेर थांबायचं." सगळे हसले. मीही हसलो आणि मनात म्हटलं, थांबतो की, मला थांबायची सवय आहे.

आणि ही सवय मला ज्यानं लावली तो आता त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर उभा होता, खिशात हात घालून. जिन्याला अजून कठडा नव्हता. मी भिंतीला धरून चढलो. गुडघे प्रत्येक पायरीला कुरकुर करत होते, आणि प्रत्येक पायरीला मी एक एक नियम आठवत होतो, देवाचं नाव घ्यावं तसा. सळयांमधलं अंतर. खालच्या सळईखाली सिमेंटचे ठोकळे. जोडाची लांबी. रिंगांची टोकं कुठल्या दिशेला वळवलीत. बाल्कनीत वरची जाळी वरच आहे ना. कुठं तरी सापडेल, मी म्हणत होतो. अख्खी स्लॅब निर्दोष बांधणारा माणूस अजून जन्मलेला नाही, आणि हा तर माझाच चेला.

"भाऊजी," तो म्हणाला. सगळ्यांसमोर, जसं काही आम्ही काल एकत्र जेवलो होतो. "तुम्ही येणार हे मला माहीत नव्हतं."

"कागदावर माझं नाव नव्हतं," मी म्हणालो. "तुझं होतं."

तो जाडा झाला होता. कानावरचे केस पांढरे. शर्ट पँटमध्ये खोचलेला, आणि नखं स्वच्छ. ती नखं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी नखं अजून काळी आहेत. तारेचा गंज कातडीत गेला की तो कुठल्याही साबणाला दाद देत नाही. साइटवरची इंजिनिअर मुलगी, सव्वीस-सत्तावीसची, नीटनेटकी, हातात नकाशाची गुंडाळी घेऊन मध्येच उभी होती. तिला आमचं नातं कळलं आणि ती खूश झाली. "अरे वा, घरचेच आहेत म्हणजे! लवकर होईल मग." मी म्हणालो, "घरच्यांनाच जास्त वेळ लागतो, बाई." ती हसली. मेहुणा हसला नाही.

बायको मला म्हणते, तुम्ही त्याला पाण्यात बघता. बघतोच. सणासमारंभाला, बारशाला, सासऱ्याच्या आजारपणात मी त्याच्याशी गरजेपुरतं बोललो, आणि त्यानं माझ्याशी नेहमी गोड आवाजात, खालच्या पट्टीत, जसं आजारी माणसाशी बोलतात. त्या आवाजाचंच उट्टं मला काढायचं होतं. सोळा वर्षांपूर्वी त्याच आवाजात तो जे बोलला ते माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे. एका तीन मजली इमारतीची बाल्कनी, खालचे टेकू काढताना पडली. बाल्कनी भिंतीतून बाहेर लोंबते, खाली तिला आधार नसतो, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. ती खाली ठेवली तर लोखंड असून नसल्यासारखं. वरची जाळी वर राहावी म्हणून तिच्याखाली लोखंडाच्या वाकवलेल्या छोट्या खुर्च्या ठेवतात. त्या बाल्कनीत खुर्च्या नव्हत्या. जाळी तळाला झोपली होती आणि तिच्यावर कुणीतरी निवांत काँक्रीट ओतलं होतं. टेकू काढणारा सुतार खाली होता. तो वाचला, पण त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला. दुसऱ्या दिवशी साहेब लोकांनी काँक्रीट फोडून लोखंड उघडं केलं, आणि आमची सगळी टोळी गोल करून उभी होती, मयताला उभी असते तशी. तेव्हा हा पुढं वाकला, एक गाठ बोटानं पुसली आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, गाठी तर डाव्या पिळाच्या आहेत." एवढंच म्हणाला. आरोप केला असता तर मी त्याचं तोंड फोडलं असतं. तो तर दुःखानं म्हणाला.

सगळ्या टोळीत डावखुरा मी एकटा. मला नावच डावऱ्या पडलं होतं. उजवा माणूस तार पिळतो तेव्हा हूक उजवीकडे फिरतो, घड्याळाच्या काट्यासारखा. माझा उलटा फिरतो आणि तारेला पडलेला पीळही उलटा दिसतो. दोन हजार गाठींमधून माझी गाठ कुणीही काढून दाखवायचा, आणि मला त्याचा केवढा तोरा होता. मी वाकून बघितलं. पीळ डावाच होता. एकूण एक गाठ. ती बाल्कनी बांधली त्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीची स्लॅब बांधली होती आणि साडेदहाला फोरमनपदाची परीक्षा द्यायला कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो, चार वाजता परत आलो तर बाल्कनीची जाळी बांधून तयार होती. "झालं सगळं, भाऊजी, तुम्ही हातपाय धुवा," हाच म्हणाला होता. हे सगळं मला आठवत होतं. पण समोर गाठी होत्या. माणसाची आठवण खोटी पडू शकते, गाठ कशी खोटी पडेल? मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मनात म्हटलं, जायच्या आधी घाईघाईत बांधली असेल. परीक्षेच्या धास्तीत डोकं ठिकाणावर नसेल. खुर्च्या ठेवायच्या राहिल्या असतील. वर्षभरात मी स्वतःला इतकं समजावलं की शेवटी मला ते दिसायलाच लागलं: मी बाल्कनीत वाकलोय, परीक्षेचे प्रश्न पुटपुटतोय, आणि खुर्च्यांचा ढीग मागे तसाच पडलाय. तो ढीग मी स्वप्नातसुद्धा पाहिला. परीक्षा मी पास झालो होतो. बढतीचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात रद्द झालं. पुढच्या वर्षी फोरमन हा झाला. मला पाया खणलेल्या खड्ड्यांत पाठवलं, जिथं बाल्कन्या नसतात.

मग मी त्याचा राग का करत होतो? हे मला बायकोनं किती वेळा विचारलं. चूक तुमची, मग त्याचा काय दोष? त्यानं बोटानं पुसून गाठ दाखवली हा दोष. त्यानं आवाज खाली केला हा दोष. त्याची नखं. मी सुताराच्या घरी दर दोन-तीन महिन्यांनी जात होतो; तो खिडकीशी बसून लाकडाचे चमचे कोरायचा, माझ्याकडे बघायचा नाही, एकदा मी पाण्याचा ग्लास पुढं केला तर म्हणाला, "त्या हातानं नको." मी ग्लास उजव्या हातात घेतला. तेव्हापासून मी त्याच्या घरात डावा हात खिशात ठेवतो. मेहुणा तिथं एकदाही गेला नाही. मी म्हणायचो, त्याचं काळीज घट्ट आहे.

तर मी तपासायला लागलो. टेप काढली. ही खोली, ती खोली. सळयांमधलं अंतर जिथं मोजावं तिथं बरोबर. ठोकळे जागच्या जागी. जोड लांब, एकाखाली एक येणार नाहीत असे सरकवलेले. मी गुडघ्यांवर बसून गाल जवळजवळ फळीला टेकवून जाळीखाली बघितलं, जसं पलंगाखाली हरवलेली वस्तू बघतात. काहीच नाही. इंजिनिअर मुलगी म्हणाली, "सर, किती बारकाईनं बघता तुम्ही!" मेहुणा माझ्या मागून दोन पावलांवर चालत होता आणि मी थांबलो की थांबत होता. मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. पहिली बाल्कनी. मी सरळ वरच्या जाळीवर उभा राहिलो, माझं सगळं वजन टाकलं, टाच मारली. जाळी हलली नाही. खुर्च्या हातभर अंतरावर, जवळजवळ गरजेपेक्षा जास्त. दुसरी बाल्कनी तशीच. अरे, हा माणूस बाल्कन्यांना घाबरतो, माझ्या मनात आलं, आणि ते का याचा विचार मी केला नाही, कारण मी नापास करायच्या घाईत होतो. खाली रस्त्यावर काँक्रीटचा पहिला ट्रक येऊन उभा राहिला. त्याचा ड्रम फिरायचा आवाज चौथ्या मजल्यावर पोटात जाणवतो. ड्रममधलं काँक्रीट दीड-दोन तास टिकतं. पुढं ते आतच धरायला लागतं. पाठोपाठ दुसरा ट्रक आला.

तिसऱ्या बाल्कनीच्या कोपऱ्यात मला सापडलं. अकरा गाठी नव्हत्या. सळया एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या, तार नाही. टोळीतल्या कुणाची तरी तार संपली असेल आणि तो आणायला गेला असेल आणि वाटेत त्याला चहा दिसला असेल. एवढ्यासाठी कुणी स्लॅब नापास करत नाही, आणि माझं तोंड आंबट झालं. सोळा वर्षं वाट बघून हातात काय, तर अकरा गाठी. "हे काय?" मी म्हणालो. शक्य तितक्या मोठ्यानं.

"राहिल्या वाटतं," मेहुणा म्हणाला. "पोरं खाली गेलीत. आत्ता बांधतो मी."

"तू?"

"त्यात काय, भाऊजी. पाच मिनिटांचं काम."

त्यानं कोपऱ्यातून तारेचा जुडगा घेतला, कुणाचा तरी हूक उचलला, पँट गुडघ्यावर वर ओढली आणि वाकला. पोट मध्ये येत होतं. मला बरं वाटलं. वाक, म्हटलं, बघू तुझं पोट तुला कुठवर साथ देतं. खालून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मेहुण्यानं तार दुहेरी केली, सळईखालून घातली, हूक अडकवला आणि फिरवला. एक. दोन. तीन. मी त्याच्या मानेकडे बघत होतो, घामाकडे. मग त्याच्या हाताकडे बघितलं. चौथी गाठ. हूक त्याच्या उजव्या मुठीत होता आणि डावीकडे फिरत होता.

आधी मला कळलंच नाही काय चुकतंय. आरशात स्वतःला बघताना भांग उलटा दिसतो आणि क्षणभर काही कळत नाही, तसं. पाचवी गाठ. डावीकडे. घाईत, सराईत, विचार न करता. मग माझ्या डाव्या तळहाताला एकाएकी त्याच्या मुठीचा स्पर्श आठवला. तो एकोणीसचा, कामावर पहिला महिना, हूक हातात धरला की तार तोडायचा. मी त्याच्या उजव्या बाजूला उकिडवा बसायचो आणि त्याच्या उजव्या मुठीवर माझी डावी मूठ ठेवून फिरवायचो. अशी फिरव. मनगट सैल. अशी. त्याची मूठ लहान आणि गरम होती. माझा हात जसा फिरतो तसाच त्याचा फिरायला लागला. महिन्यानंतर म्हाताऱ्या मुकादमानं बघितलं आणि आम्हा दोघांना शिव्या घातल्या. उजव्या माणसाला डावा पीळ शिकवतोस, अक्कल गहाण टाकलीस का? मेहुण्यानं पंधरा दिवसांत हात सुधारला. नंतर मी कधी त्याला उलटं पिळताना पाहिलं नाही, आणि ते सगळं विसरूनही गेलो. आता मान मोडून वाकल्यावर, कुणी तरी वर उभं असताना, खाली ट्रक फिरत असताना, त्याच्या हातानं शिकलेलं सगळं टाकून दिलं आणि तो पहिल्या महिन्यात परत गेला. त्या दिवशीही घाई असणार. चारच्या आत जाळी संपवायची, मोठं माणूस परीक्षेला गेलेलं, काँक्रीट यायचं. तो वाकला असेल आणि त्याचा हात असाच फिरला असेल. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं बोटानं गाठ पुसली तेव्हा ती स्वतःची आहे हे त्याला माहीत होतं.

सुताराच्या घरातला ग्लास. खड्ड्यातली अकरा वर्षं, घोट्यापर्यंत पाणी. स्वप्नातला खुर्च्यांचा ढीग, जो मी कधी पाहिलाच नव्हता, मी स्वतः रचला होता, एकेक खुर्ची. माझी बढती त्यानं घेतली ते मी एक वेळ गिळलं असतं. माझा हात त्यानं घेतला होता. सोळा वर्षं मी प्रत्येक गाठ मारल्यावर ती परत हलवून बघत होतो, दार लावलं की नाही म्हणून चार वेळा मागे फिरणाऱ्या माणसासारखा, कारण मला वाटत होतं, हा हात मला न सांगता काहीही करू शकतो.

"थांब," मी म्हणालो.

तो थांबला. मी त्याच्या मुठीकडे बघत राहिलो. त्यानं माझ्या नजरेमागोमाग स्वतःच्या मुठीकडे बघितलं, मग बांधलेल्या गाठींकडे, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला समजवावं लागलं नाही. एवढं मात्र मी त्याला चांगलं शिकवलं होतं.

"काप," मी म्हणालो.

"भाऊजी, पिळाचा काही नियम नाही. गाठ पक्की असली की झालं."

"कंपनीचा नाही. माझा आहे. सगळ्या काप आणि परत बांध. सरळ."

इंजिनिअर मुलगी पुढं आली. "सर, काही प्रॉब्लेम आहे का? दोन ट्रक थांबलेत, तिसरा येतोय." मी तिला म्हणालो, "बाई, स्टील उत्तम आहे. अकरा गाठी राहिल्यात, त्या झाल्या की सही करतो." तोवर टोळीतले लोक चहा पिऊन वर आले होते आणि फोरमन गुडघ्यांवर बसलेला बघून जिन्याच्या तोंडाशीच थबकले. एकानं पुढं होऊन हूक घ्यायला हात केला. "तू राहू दे," मी म्हणालो, "साहेबांचा हात चांगला आहे, बघून घ्या." मेहुण्यानं पक्कड घेतली आणि गाठी कापल्या. मग परत तार टाकली. उजवीकडे फिरवायला त्याला थांबावं लागत होतं, प्रत्येक गाठीला विचार करावा लागत होता, आणि दोनदा तार तुटली. एकोणीस वर्षांचा असताना तुटायची तशी. ट्रकचा ड्रायव्हर चार मजले चढून धापा टाकत आला आणि म्हणाला, "अहो साहेब, माल फिरून फिरून दगड होईल, मग मलाच ड्रममध्ये उतरून फोडावा लागेल." मी म्हणालो, "होऊ दे. लोक दगड होऊन राहतात." त्याला काही कळलं नाही. मला मजा येत होती. हे मी कुणाला सांगणार नाही, पण मला खरंच मजा येत होती. त्याच्या मानेवरून घाम ओघळून शर्टाच्या कॉलरमध्ये जात होता आणि मी तो थेंब थेंब बघत होतो.

सातव्या गाठीला तो डोकं वर न करता बोलला. फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. तोच आवाज, खालच्या पट्टीतला.

"ताईला माहीत आहे."

"काय?"

"गाठ दाखवली त्याच संध्याकाळी मी घरी आलो होतो सांगायला. तुम्ही सुताराजवळ हॉस्पिटलात होतात. मी तुमच्या पायावर डोकं ठेवणार होतो, भाऊजी, शपथ. ताईनं दार लावलं. म्हणाली, तुझं लग्न पुढच्या महिन्यात आहे, मुलीकडचे मोडतील. म्हणाली, ते निभावून नेतील, तू नाही निभावणार. गप्प बस म्हणाली. मी गप्प बसलो." त्यानं तार ओढली. "तिनं सांगितलं नसतं तर मी बोललो असतो."

"असतास?"

त्यानं आठवी गाठ बांधली. सरळ.

मला वाटलं मी त्याला लाथ घालीन आणि तो कठडा नसलेल्या कडेवरून खाली जाईल. पाय उचललाही गेला असेल. पण मला माझ्याच घरातलं स्वयंपाकघर दिसत होतं, सोळा वर्षांपूर्वीचं, आणि त्यात माझी बायको. मी हॉस्पिटलातून आलो होतो. तिनं माझा डावा हात मांडीवर घेतला, मलम लावलं आणि चोळत बसली. तिचे डोळे गळत होते. "चुकतो हात माणसाचा," ती म्हणाली. "मनाला नका लावून घेऊ." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो होतो. किती मोठ्या मनाची बाई, मला वाटलं होतं. शब्दानं बोलली नाही, माहेरचं कुणी काही बोललं तर त्यांना गप्प करते. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी माझा हात चोळते. ती धुलाईच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालते, तिचे अंगठे दणकट आहेत. कुणाचा हात चुकला म्हणून ती रडत होती, ते मला आज चौथ्या मजल्यावर कळत होतं.

मेहुण्यानं दहावी गाठ मारली आणि अकरावीसाठी तार उचलली. "दे इकडं," मी म्हणालो. हूक त्याच्या मुठीतून काढून घेतला. वाकलो. गुडघा कडाडला तो सगळ्यांना ऐकू गेला असेल. तार घातली, हूक डाव्या हातात धरला आणि फिरवला. तीन वेढे. गाठ बसली. चार महिन्यांत मी हूक धरला नव्हता, पण हाताला विचारावं लागलं नाही. मी ती गाठ परत हलवून बघितली नाही. उठलो, कागद त्याच्या खांद्यावर ठेवला, कारण दुसरं काही सपाट नव्हतं, आणि तो तसाच गुडघ्यांवर बसलेला असताना तपासनिसाच्या ओळीवर सही केली. पेन दाबून केली. "ओता," मी मुलीला म्हणालो. मग त्याला म्हणालो, "रविवारी सुताराकडे जायचं. तू आणि मी. तू बोलायचं." तो हो म्हणाला की नाही ते काँक्रीट वर चढवणाऱ्या पंपाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण तो येईल. त्याची अकरावी गाठ माझी आहे, हे त्याला आयुष्यभर पुरेल.

घरी आलो तेव्हा उन्हं अजून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर होती. बायको कामावरून नुकतीच आलेली, चपला काढता काढता तिनं चहा टाकला होता. हेल्मेट खुंटीला लावलं. जिन्यात मी बरंच काही तयार केलं होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, ती काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन. सोळा वर्षं कसं झोपलीस माझ्या शेजारी, असं एक होतं. ते मला फार आवडलं होतं. तिनं कप ठेवला आणि नेहमीच्या स्टुलावर बसून मलमाची डबी उघडली. मी खुर्चीत बसलो आणि डावा हात पुढं केला. तिनं तो मांडीवर घेतला. आधी मनगट, मग अंगठ्याखालचा उंचवटा, जिथं हुकाचा घट्टा आहे. तिचा भांग विरळ झालाय, हे मला त्या उजेडात दिसलं, आणि मला एकदम तिची दया आली. ती मी येऊ दिली नाही.

"आज हात गरम आहे," ती म्हणाली. "काम केलंत का काही?"

"एकच गाठ मारली."

"तपासनिसाला गाठी मारायला लावतात का कुठं?"

"तुझ्या भावाच्या साइटवर होतो," मी म्हणालो. "त्याचं काम तपासलं. त्यालाही अकरा गाठी मारायच्या होत्या. माझ्यासमोर बसून मारल्या, आधी डाव्या पिळाच्या."

तिचा अंगठा थांबला. घट्ट्यावर, मध्येच. स्वयंपाकघरात नळ थेंबथेंब गळत होता, तो ऐकू यायला लागला. तिनं वर बघितलं नाही. मी तिच्या भांगाकडे बघत होतो आणि वाट बघत होतो, आणि मला कळत होतं की तिलाही कळलंय, आणि जिन्यात तयार केलेल्या वाक्यांतलं एकही आता लागणार नाही. एक शब्द बोललो तर ती रडेल, बोलेल, सांगेल, पाया पडेल, आणि मग सुटेल. इतक्या सहज मी तिला सोडणार नव्हतो. तिनं मला सोळा वर्षं गप्प राहून मारलं होतं. गप्प राहणं मलाही येतं.

"चोळ ना," मी म्हणालो. प्रेमानं म्हणालो. "थांबलीस का?"

ती चोळायला लागली. मी हात मागं घेतला नाही. उद्याही पुढं करीन. परवाही.